होळकर : एका आडनावाची कुळकथा

इंदूर शहराच्या पश्चिम भागात बडा गणपती म्हणून जे स्थान प्रसिद्ध आहे, तेथे उभे राहिले असता मराठी माणसाच्या मनात एक चमत्कारिक भावना उत्पन्न होते. समोर सुमारे पंचवीस फूट उंचीची, शेंदराने माखलेली गणेशाची बैठी मूर्ती. देव आपल्या ओळखीचा. परंतु नावातील ‘बड़ा’ हा शब्द हिंदी, आणि ‘गणपति’ मधील ऱ्हस्व इकार हिंदीच्या वळणाचा. येथून जवळच मल्हारगंज, पुढे पूर्वेस राजवाडा. पश्चिमेस जाणारा रस्ता थेट विमानतळाकडे. या परिसरात पाट्यांवर एक आडनाव वारंवार दृष्टीस पडते : ‘होलकर’. आम्ही मराठी माणसे ते वाचताना मनातल्या मनात ‘होळकर’ असे दुरुस्त करून घेतो आणि पुढे चालू लागतो. ही दुरुस्ती एका अक्षराची आहे. त्या एका अक्षरात मात्र या आडनावाचा उगम, त्याचा प्रवास आणि त्याचे भवितव्य अशा तिन्ही गोष्टी साठवलेल्या आहेत, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

आडनावे सामान्यतः तीन वाटांनी येतात : पूर्वजावरून, व्यवसायावरून आणि स्थानावरून. बडा गणपतीच्या मंदिराची उभारणी उज्जैनचे नारायण दाधीच यांनी केली. त्यांना स्वप्नात दृष्टान्त झाला, अशी आख्यायिका सांगतात. दाधीच हे आडनाव दधीची ऋषींचे स्मरण करणारे, म्हणजे पहिल्या प्रकारचे. कुलकर्णी, देशपांडे, सुतार ही दुसऱ्या प्रकारची. तिसऱ्या प्रकाराचा मराठीत केवढा विस्तार आहे, हे सांगावयास नको. गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की आडनाव सिद्ध झाले. नेवासकर, सातारकर, पंढरपूरकर यांच्याच पंक्तीत होळकर हे आडनाव बसते.

पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यात नीरा नदीच्या काठी होळ नावाचे गाव आहे. शेजारच्या मुरूम गावाबरोबर ‘होळ-मुरूम’ असा त्याचा जोड उल्लेख आढळतो. मल्हाररावांचे वडील खंडोजी हे येथले. मल्हाररावांचा जन्म १६९३ सालचा मानतात. लहानपणीच पितृछत्र हरपल्यामुळे त्यांची आई त्यांना घेऊन खानदेशात तळोदे येथे आपले बंधू भोजराज बारगळ यांच्या आश्रयास गेली. मल्हारराव वाढले ते मामाच्या घरी. घोड्यावर बसणे शिकले ते तेथेच. आणि पुढे मामाची कन्या गौतमाबाई हिच्याशीच त्यांचा विवाह झाला. म्हणजे ज्या गावाचे नाव त्यांनी आयुष्यभर वागवले, त्या गावात त्यांचे वास्तव्य फार थोडी वर्षे झाले.

येथे ‘कर’ या प्रत्ययाचे मर्म लक्षात घेतले पाहिजे. व्याकरणकार या प्रत्ययाचा अर्थ ‘तेथील रहिवासी’ असा देतात, आणि तो बरोबर आहे. परंतु व्यवहार पाहिला तर हा प्रत्यय रहिवाशाला लागतच नाही. तो लागतो गाव सोडून गेलेल्याला. होळमध्ये सगळेच होळचे. तेथे एखाद्याला होळकर म्हणून कोणापासून वेगळे काढावयाचे? तळोद्याला मात्र होळहून आलेला पोरका मुलगा सहजच होळकर ठरतो. ज्याच्या नावात गाव आहे त्याच्या पायाखाली ते नाही, असा हा प्रत्ययाचा स्वभाव आहे. आमच्या मते मराठीतील प्रत्येक ‘कर’ आडनाव म्हणजे एका स्थलांतराची नोंद होय. ती कोणी दप्तरात लिहून ठेवली नाही; माणसांनी ती आपल्या नावात जपली.

पुष्कळ भाषांत असे घडले आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी डरॅम परगण्यात मोडणारे वॉशिंग्टन नावाचे गाव आहे. त्या गावावरून एका घराण्याचे आडनाव पडले, त्या घराण्यात पुढे जॉर्ज वॉशिंग्टन जन्मास आले, आणि त्यांच्या नावाने अमेरिकेची राजधानी वसली. गावाचे नाव माणसाला आणि माणसाचे नाव शहराला, असा तो प्रवास. होळकर या नावाचा प्रवास याच जातीचा आहे. फरक इतकाच की, इंग्रजी आडनावात ‘अमुक गावचा’ हा संबंध दाखविणारा शब्द कालांतराने गळून पडला आणि नुसते गाव उरले. मराठीने तो संबंध ‘कर’ च्या रूपाने अद्याप धरून ठेवला आहे. त्यामुळे वॉशिंग्टन या नावात माणूस की गाव हे प्रसंगावरून ठरवावे लागते. होळकर म्हटले की गाव आणि गावापासून दुरावलेला माणूस, दोघेही एकाच शब्दात उभे राहतात.

मल्हाररावांच्या नावाकडेही या दृष्टीने पाहावे. खंडोजी, मल्हारराव, खंडेराव, मालेराव ही या घराण्यातील नावांची परंपरा. खंडोबा आणि मल्हारी ही एकाच दैवताची नावे, आणि त्या दैवताचे मुख्य ठाणे जेजुरी. होळ नीरेच्या काठी, जेजुरी कऱ्हेच्या खोऱ्यात. दोहोंचा मुलूख एकमेकांना लागून. म्हणजे मल्हारराव होळकर या नावातील पूर्वार्ध आणि उत्तरार्ध दोन्ही पुणे जिल्ह्याच्या एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवितात. माळव्यात फौजा नाचविणाऱ्या या सरदाराने नावात आपला देवही नेला आणि गावही नेले. इंदूरच्या मल्हारगंजात आज व्यापार करणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल की, आपण जेजुरीच्या देवाचे नाव पत्त्यात लिहीत आहोत?

माळव्यात या आडनावाचा अर्थ बदलत गेला. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर मिळाली. मल्हाररावांचा मृत्यू १७६६ मध्ये आलमपूर येथे झाला. त्या वेळी होळकर हे एका व्यक्तीचे आडनाव राहिले नव्हते, ते एका दौलतीचे नाव झाले होते. ‘होळकरांचा मुलूख’, ‘होळकरांची फौज’ असे प्रयोग रूढ झाले. होळ गावचा रहिवासी हा मूळ अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटेनासा झाला. आडनावाचे असेच असते. ते जितके मोठे होते तितके त्यातील मूळ शब्द ऐकू येईनासे होतात.

या आडनावाला सर्वांत मोठी कीर्ती ज्यांच्यामुळे मिळाली त्या अहिल्याबाई जन्माने होळकर नव्हत्या. १७२५ मध्ये चौंडी येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. महेश्वराहून राज्य करताना त्यांच्या हुकुमांवर सही असे ती ‘श्रीशंकर’ अशी. राज्य शिवाचे, आपण केवळ कारभारी, हा त्यामागील भाव. येथे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस एक सावधगिरी अवश्य शिकवावी. चौंडीचे शिंदे आणि ग्वाल्हेरचे शिंदे ही दोन घराणी एक नव्हेत; चौंडीचे शिंदे धनगर समाजातील होते. आडनावावरून कूळ आणि कुळावरून जात ठरविण्याची आपल्याकडील सवय किती फसवी आहे, याचा यापेक्षा बोलका दाखला शोधावयास नको. आडनाव इतिहासाचे साधन आहे खरे. पण ते उलटतपासणी घेण्याजोगे साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

आता आपण १८१८ सालाकडे येऊ. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह झाला. गादीवर दुसरे मल्हारराव हे अल्पवयीन होते. कंपनीच्या बाजूने सर जॉन माल्कम आणि होळकरांच्या बाजूने तात्या जोग यांनी हा तह ठरविला. त्या कागदावर एकत्र आलेली नावे पाहण्यासारखी आहेत. माल्कम हे स्कॉटलंडमधील नाव. गेलिक भाषेत त्याचा अर्थ संत कोलंबाचा भक्त असा होतो. आयोना बेटावर मठ स्थापणाऱ्या सहाव्या शतकातील संन्याशाचे नाव असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. समोर जेजुरीच्या मल्हारीचे नाव धारण करणारा बालराजा. दोघांच्याही नावात आपापला देवमाणूस होता. तहाच्या कलमांत मात्र मुलूख, फौज आणि खंडणी यांखेरीज दुसरे काही नव्हते.

तात्या जोग यांच्या नावाची कथा आणखी निराळी. यांचे खरे नाव विठ्ठल महादेव किबे. इंग्रजी कागदपत्रांत आणि लोकांच्या तोंडी ते राहिले तात्या जोग म्हणूनच, आणि त्यांचे वंशज मात्र नांदले किबे म्हणून. एकाच घराण्याला इतिहासाने एक आडनाव दिले आणि घराने दुसरे राखले. तहानंतर इंदूर ही राजधानी झाली आणि तिच्या घडणीत तात्या जोगांचा वाटा मोठा होता. त्यांच्याच घराण्यातील सरदार माधव विनायक किबे यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. तहाच्या कागदावर जोग वाचणारा विद्यार्थी आणि संमेलनाध्यक्षांच्या यादीत किबे वाचणारा विद्यार्थी, या दोघांनाही ही दोन नावे एकाच घरची आहेत हे कोणी सांगितले नाही तर कळण्याची सोय नाही. किबे हे आडनाव मराठीत विरळाच. परंतु इंदुरात एका वस्तीचे ते नाव झाले आहे.

याच माल्कम साहेबांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात होळकर या नावाची फोड नोंदविली आहे. नीरेकाठचे गाव आणि ‘कर’ म्हणजे रहिवासी, हे त्यांना नीट कळले होते. अर्थ कळला, अक्षर मात्र त्यांना लिहिता येणे शक्य नव्हते. रोमन लिपीत ळकाराला स्वतंत्र चिन्हच नाही. त्यापूर्वी उत्तरेकडील दरबारांशी आणि कंपनीशी चालणारा पत्रव्यवहार फार्सीत होत असे. त्या लिपीतही ळ नाही. मोडीत आणि बाळबोधीत निर्वेध नांदणारे हे अक्षर आधी फार्सीत लकार झाले आणि मग इंग्रजीत लकार झाले. पुढे राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा हिंदी झाली, तेव्हा नाव पुनश्च देवनागरीत आले. पण येताना ळ मागेच राहिला, कारण हिंदीच्या शाळेत शिकविल्या जाणाऱ्या वर्णमालेत त्याला जागा नव्हती. लिपी तीच, घर तेच, आणि परत आलेला माणूस मात्र थोडा वेगळा, अशातला हा प्रकार झाला.

गंमत अशी की, माळव्याच्या मुखाला हे अक्षर परके नाही. माळवी आणि निमाडी या बोलींत ळकार आजही ऐकू येतो. नर्मदाकाठचा शेतकरी जो ध्वनी सहज उच्चारतो तो शहरातील पाटीवर लिहिला जात नाही. तेव्हा ळ हरवला तो लोकांच्या जिभेमुळे नव्हे, लेखणीच्या सवयीमुळे, हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे. होळकरांच्या शेजाऱ्यांचा अनुभव तर याहून ठळक आहे. शिंदे यांचे उत्तरेत सिंधिया झाले आणि ते इतके पक्के झाले की मूळ रूप सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. देवास-धारच्या पवारांचे पुआर झाले. त्या मानाने होळकरांचे एका अक्षरावर निभावले.

येथे आपलीही बाजू तपासून पाहणे न्यायाचे होईल. पेशवाईतील आपल्या लेखकांनी एल्फिन्स्टन साहेबांचे ‘अल्पिष्टन’ केले. इंदौर म्हणणाऱ्या शहराला आपण इंदूर म्हणतो आणि त्यात आपल्याला काही चुकल्यासारखे वाटत नाही. परके नाव आपल्या जिभेवर घोळवून घेणे हा प्रत्येक भाषेचा हक्क आहे. तेव्हा हिंदीने ळचा ल केला म्हणून तिच्यावर रुष्ट होण्याचे कारण नाही. प्रश्न परक्यांच्या उच्चाराचा नाही. आपण स्वतः आपले नाव कसे लिहितो, हा आहे.

विसाव्या शतकात या आडनावाने आणखी काही वळणे घेतली. तिसरे तुकोजीराव यांनी १९२६ मध्ये राज्यत्याग केला आणि १९२८ मध्ये बडवाह येथे नॅन्सी अ‍ॅन मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला. त्या शर्मिष्ठादेवी होळकर झाल्या. मिलर हे इंग्रजी आडनाव व्यवसायाचे; त्याचा अर्थ पिठाची गिरणी चालविणारा. कोणे काळी इंग्लंडात दळण दळणाऱ्या एखाद्याचे नाव आणि नीरेकाठून निघालेल्या एका पोरक्या मुलाचे नाव, यांची गाठ नर्मदेच्या खोऱ्यात पडली. आडनावांना पाय असतात, ते हे असे.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. राज्य गेले, आडनाव मात्र क्रिकेटच्या मैदानावर उभेच होते. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. यांपैकी शेवटची दोन अजिंक्यपदे संस्थान नाहीसे झाल्यानंतरची आहेत. कर्नल सी. के. नायुडू यांच्या संघातील खेळाडू होळचे नव्हते, होळकर घराण्याचे नव्हते, सर्वच मराठीही नव्हते; तरी ते सारे ‘होळकर’ म्हणून खेळले. गावाचे नाव घराण्याला, घराण्याचे दौलतीला आणि दौलतीचे अकरा खेळाडूंना असा हा वारसा आला. १८९१ साली स्थापन झालेले होळकर महाविद्यालय, पुढे स्टेडियम, पुढे अहिल्याबाईंच्या नावाचा विमानतळ, ही सर्व त्याच साखळीची कडी होत. नाव कोणाच्या मालकीचे राहत नाही. जो त्याचा आदराने उपयोग करतो त्याचे ते होते. इंदूरच्या हिंदी भाषिकांनी ‘होलकर’ हे नाव आपलेसे केले आहे, आणि त्यांचे ते प्रेम खरे आहे.

मग ळचा आग्रह कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर राजघराण्याकडे न पाहता साध्या घरांकडे पाहून द्यावे लागेल. मराठी मुलुखाबाहेर वाढणाऱ्या आमच्या मुलांची नावे शाळेच्या हजेरीपटावर चढतात तेव्हा काळे यांचे काले होतात, पिंगळे यांचे पिंगले होतात, आणि मुळे यांची तर मुले होतात. मुळांची मुले झाली हे ऐकून हसू येते. पण एका पिढीनंतर त्या घरातील मुलगाच आपले नाव ‘मुले’ असे उच्चारू लागतो, तेव्हा हसू मावळते. एखाद्या कारकुनाने घाईत लिहिलेले अक्षर प्रमाणपत्रावर जाते, प्रमाणपत्रावरून नोकरीत जाते, आणि तेथून मुलाबाळांत जाते. आजोबांच्या जिभेवरचा ध्वनी नातवाच्या कानाला परका होतो. होळकरांना इतिहासाची पुस्तके आहेत. त्यांचा ळ कोठे ना कोठे छापलेला सापडेल. ज्या घरांना पुस्तके नाहीत त्यांचा ळ हजेरीपटावर टिकला तरच टिकेल.

इंदुरातील मराठी माणसाने दोन भाषांत जगण्याची कला फार पूर्वी साधली आहे. १९१७ मध्ये येथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि १९१८ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले. १९३५ मध्ये तर औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी आणि पुनः गांधीजींच्याच अध्यक्षतेखाली हिंदी, अशी दोन्ही संमेलने याच नगरीत झाली. २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन पुनः इंदुरात आले. दोन भाषा एका अंगणात नांदू शकतात, हे या शहराने प्रत्यक्ष दाखविले आहे. एका अक्षराला जागा देण्याने त्या अंगणाची शोभा वाढेलच. हिंदीच्या परिवर्धित देवनागरीत ळला मान्यता आहे. छपाईत तो आहे, संगणकावर तो आहे. उणीव आहे ती केवळ आठवणीने लिहिण्याची.

म्हणून आमची शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती इतकीच आहे. वर्षारंभी हजेरी लिहिताना प्रत्येक मुलाला त्याचे आडनाव एकदा मोठ्याने उच्चारावयास सांगावे आणि ऐकू येईल तसे लिहावे. जमल्यास ते आडनाव कोठून आले हेही घरी विचारून यावयास सांगावे. आजी-आजोबांपैकी कोणाला तरी गाव ठाऊक असते. नदी ठाऊक असते. गाव का सोडले, तेही कधी कधी ठाऊक असते. इतिहासाचा पहिला धडा याहून चांगला मिळणार नाही.

बडा गणपतीच्या समोरून विमानतळाकडे प्रवासी अहोरात्र जात असतात. त्यांतील कित्येकांच्या आडनावाच्या शेवटी ‘कर’ असेल. प्रत्येकाच्या मागे कुठले तरी होळ आहे, आणि त्या गावात आज त्या नावाने ओळखणारे बहुधा कोणी नाही. ते गाव जिवंत राहिले आहे ते या निघून गेलेल्यांच्या नावात. आणि नावात ते जिवंत राहावयाचे असेल, तर त्याची अक्षरे सांभाळणे हे निघून गेलेल्यांचेच काम आहे.